कमलीबाईनं घोडी अडवली

मे महिन्यात भर दुपारी कमलीबाईच्या दारात जाऊन घोडी मागायची हिंमत केनवडच्या आसपास आता कोणी करत नाही. पूर्वी करायचे. नवरदेवाचा मामा नाहीतर काका, कडक इस्त्रीचे पांढरे कपडे आणि डोळ्यांवर गॉगल, तांड्यावर यायचा आणि बाराच्या ठोक्याला घोडी दारात पाहिजे म्हणून हुकूम सोडायचा. कमलीबाई त्याला आधी रस्त्यापर्यंत घेऊन जायची. वाक आणि डांबरावर हाताचा पंजा टेकव म्हणायची. चटका बसून त्यानं हात उचलला की विचारायची, तुझा हात तो हात आणि माझ्या घोडीचा पाय काय लाकूड? मग त्याच्या अख्ख्या खानदानाचा उद्धार व्हायचा. बाईच्या जिभेला हाड नाही हे साऱ्या रिसोड तालुक्याला ठाऊक आहे.

आता खरं सांगायचं तर बाई उगाच भांडखोर नाही. भांडायला तिला कारण होतं, आणि ते कारण तिनं लोणच्यासारखं मुरवत ठेवलं होतं.

तिची पारू नावाची पांढरी घोडी एकदा उन्हाळ्यात जाऊन बघावी. ठाण म्हणजे काय, चार बल्ल्या आणि वर पऱ्हाटीचा, कपाशीच्या वाळल्या काड्यांचा जाड थर. पत्रा तिनं मुद्दाम घातला नाही, पत्र्याखाली घोडी भाकरीसारखी भाजते म्हणते. मावळतीच्या अंगाला गोणपाटं बांधलेली, त्यांच्यावर दुपारभर पाणी मारायचं काम तिच्या नवऱ्याकडं, धरमसिंगाकडं. पाण्याची टाकी निंबाखाली, कारण तापलेलं पाणी जनावर तोंडात घेत नाही. सकाळी मिठाचा खडा, भिजवलेला कोंडा, हिरवं मिळेल ते. बाहेरून आली की आधी पायांवर पाणी, मग पोटाखाली, मग मानेवर. हातानं ते निपटून काढायचं आणि पुन्हा ओतायचं, तिचा श्वास जागेवर येईपर्यंत. लग्नातली मखमली झूल तर तिनं कधीच फेकली. पारूच्या पाठीवर पातळ सुती कापड असतं, त्याच्या कडेनं कमलीबाईच्या हातचं काचांचं भरतकाम. नवरदेवाकडचे नाक मुरडतात. मुरडू देत, त्यांना कुठं ती झूल पांघरून उन्हात उभं राहायचं असतं!

पण सगळ्यात जास्त ती बघते घोडीच्या घामाकडं. घाम फुटतोय तोवर चिंता नाही. उन्हात उभ्या घोडीची कातडी कोरडी पडली की समजायचं, आता खेळ हातातून गेला. हे तिला मैनेनं शिकवलं, मरून.

मैना तिची पहिली घोडी. धरमसिंगानं ती माळेगावच्या जत्रेतून आणली तेव्हा शिंगरूच होती, आणि कमलीबाईला मूलबाळ नसल्यामुळं तिनं तिला पोरीसारखी वाढवली. असं म्हटलं की लोक हसतात. हसू द्या. मैना तिच्या हातची अर्धी भाकरी खाल्ल्याशिवाय ठाणावरून हलत नव्हती, आणि दोघींपैकी कोणी कोणाला वाढवलं हा तांड्यावरचा नेहमीचा थट्टेचा विषय होता.

मग केनवडच्या जानरावाच्या घरी लग्न निघालं. जानराव म्हणजे गावातलं बडं प्रस्थ. काळी जमीन, दोन ट्रॅक्टर, मिशीला पीळ. त्याच्या मोठ्या मुलाचं, हरीओमचं लग्न घरासमोरच्याच वावरात होतं आणि मारुतीच्या पारापासून मांडवापर्यंत मिरवणूक निघायची होती. अंतर म्हणाल तर तंबाखू मळून होईपर्यंत संपेल इतकं. पण डीजे आणलेला, आणि डीजे आणल्यावर पैसे वसूल होईपर्यंत नाचायला नको? भर दुपारी डांबरी रस्त्यावर पोरं नाचत राहिली, आणि मैना मखमली झूल पांघरून, पाठीवर नवरदेव घेऊन, भोंग्यांच्या तोंडाशी उभी.

कमलीबाईनं दोनदा म्हटलं की घोडीला जरा सावलीत घेते. जानरावानं तिच्या हातातून लगाम काढून घेतला. म्हणाला, "घोडंच हाय ना ते, माणूस तं नाई. राहू दे उभं." आणि तो लगाम हातात धरून स्वतःच उभा राहिला, फेट्यावर माणसानं धरलेल्या छत्रीखाली.

मैनेचा घाम थांबला. कमलीबाईला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही, तिला वाटलं घोडी सावरली. थोड्या वेळानं मैना पुढच्या गुडघ्यांवर बसली. हरीओमला लोकांनी झेलला. कमलीबाई मांडवातल्या पिण्याच्या पाण्याची बादली घेऊन पळत आली, आणि इथं दुसरी गोष्ट घडली. धरमसिंगानं तिचा हात धरला.

तापल्या घोडीला पाणी दाखवायचं नाही, अंगावर ओतायचं नाही आणि पाजायचं तर मुळीच नाही. आतडी आवळतात, पोट फुगतं, घोडी मरते. हे त्याला त्याच्या बापानं सांगितलेलं. बापाला त्याच्या बापानं, ज्याचा बाप लदेणीवर बैलांच्या पाठी लादून गावोगाव मीठ नेत होता. असं पिढ्यांचं वाक्य. धरमसिंग ते शपथेसारखं पाळत होता, आणि त्यानं बादली हलू दिली नाही. मैना तिथंच रस्त्यावर, वाजत्या डीजेसमोर गेली.

संध्याकाळी सरकारी गुरांचा डॉक्टर आला. तो म्हणाला, उन्हानं गेली. पाणी ओतत राहिला असतात तर वाचली असती कदाचित. धरमसिंगानं ते मैनेशेजारी उभं राहून ऐकलं. कमलीबाई त्याला त्यावर एक शब्द बोलली नाही. त्या दिवशी नाही आणि पुढं कधीच नाही. तिला जेवढं बोलायचं होतं तेवढं सगळं तिनं जानरावासाठी राखून ठेवलं.

कारण जानराव घोडी मारून थांबला नाही. शुभकार्यात दारात जनावर मेलं म्हणून गावात कुजबुज सुरू झाली, तशी त्यानं उलटी बोंब ठोकली. बंजाऱ्याच्या बाईनं रोगट घोडी आणली, माझ्या लेकाच्या लग्नाला गालबोट लावलं. बड्या माणसाचा शब्द, तो जीपमध्ये बसून गावोगाव फिरला. त्या साली कमलीबाईला एकाही लग्नाची सुपारी आली नाही. पुढच्या सालीही नाही. नवराबायको ऊसतोडीला गेले, परमुलखात पाचट काढत राहिले. फडावर दुपारी सगळ्या बाया अंग टाकायच्या तेव्हा कमलीबाई उसाच्या सावलीत बसून जानरावाला शिव्या मोजायची. नव्या नव्या. एकच शिवी रोज दिली की तिची धार जाते, असं तिचं मत होतं.

तिला त्याचं वाईट व्हायला हवं होतं का? नुसतं वाईट नको होतं. त्याची सोयाबीन बुडाली असती तर तिला आनंद झाला असता, पण पोट भरलं नसतं. तिला एकच गोष्ट हवी होती. ज्या तोंडानं त्यानं मैनेला रोगट म्हटलं, त्याच तोंडानं ते खोटं होतं हे त्यानं म्हणायचं, आणि गाव उभं असताना म्हणायचं.

ऊसतोडीतून पुढं त्यांनी पारू घेतली आणि तिच्या अदबीनं, देखणेपणानं हळूहळू लांबची गावं पुन्हा बोलवू लागली. केनवड सोडून. आणि मग गेल्या उन्हाळ्यात जानरावाच्या धाकट्या लेकीचं, राखीचं लग्न ठरलं. नवरदेव कारंजा तालुक्यातला, कामरगावचा. एवढ्या लांबून घोडी कोण आणणार? त्याच्या बापानं रिसोडच्या डीजेवाल्याला फोन केला, डीजेवाल्यानं कमलीबाईचा नंबर दिला. नवरदेवाच्या बापाला, त्या भल्या माणसाला, इकडचं काही ठाऊक नव्हतं. कमलीबाईनं त्याला दोन अटी सांगितल्या. ऊन कललं की मगच घोडी सावलीतून निघेल, आणि लगाम तिच्याशिवाय कोणी धरणार नाही. तो म्हणाला, बाई, तुम्ही म्हणाल तसं. फोन ठेवून कमलीबाई कितीतरी वेळ हसली. धरमसिंग ते हसू ऐकून घाबरला.

त्यानं तिला समजावलं. तिथं नको जाऊ म्हणाला. लेकीचं लग्न आहे, पोरीनं आपलं काय केलं. कमलीबाईनं विचारलं, मैनेनं काय केलं होतं? तो उठून गोणपाटांवर पाणी मारायला गेला.

तर इकडच्या लग्नात असं असतं. नवरदेव मारुतीच्या पारावर येतो. नवरीचा बाप तिथं जाऊन त्याला कपडे करतो, नारळ देतो आणि स्वतःच्या हातानं घोडीवर बसवतो. एकदा बसला की मांडवाच्या दारापर्यंत त्याचा पाय जमिनीला लागू द्यायचा नाही. लागला तर अपशकुन, आणि अपशकुन नवरीच्या नावानं जातो. कमलीबाईला हे पाठ होतं. तिचं अर्धं आयुष्य ह्याच रिवाजावर चाललं होतं.

जानराव पाराशी आला तेव्हा तिनं डोक्यावरचा पदर तोंडावर ओढून घेतला होता. त्यानं घोडीकडं पाहिलं, बाईकडं पाहिलं नाही. मोठी माणसं तशीही लगाम धरणाऱ्याकडं बघत नाहीत. त्यानं जावयाला उचलून पारूवर बसवलं, टाळ्या झाल्या, डीजेवाल्यानं बटण दाबलं. आणि घोडी हलली नाही.

लोकांना वाटलं, ऊन आहे म्हणून थांबली. अट सगळ्यांना सांगितलेलीच होती. पारू पिंपळाच्या गार सावलीत, धरमसिंग ओल्या फडक्यानं तिची मान पुसतोय, मारुतीच्या नळाची बादली तिच्या तोंडाशी. सावल्या लांबल्या. पोरं जागच्या जागी नाचून दमली. मांडवात भटजी मुहूर्ताकडं बघू लागले. घोडी उभीच. शेवटी जानराव तणतणत आला. ऊन उतरलं, आता काय अडलंय?

कमलीबाईनं पदर मागं टाकला.

"वळखलं का, पाटील?"

जानरावाचं तोंड आधी पडलं, मग लाल झालं. त्यानं सगळं एकदम करून पाहिलं. दमदाटी केली. लगामाला हात घातला, तेव्हा पारूनं कान मागं टाकले आणि त्यानं हात काढला. जावयाला खाली उतरवून गाडीत बसवू म्हणाला, तर नवरदेवाची आईच आडवी आली. पाय लागू देणार नाही म्हणाली. माणसं जमली. कमलीबाईनं आवाज चढवला नाही. तिला काय हवं ते तिनं सरळ सांगितलं: मैना कशानं मेली, ते डीजेच्या माइकवरून सांगायचं. मग घोडी चालेल.

आणि इथं जानराव हुशार निघाला. त्यानं पायातले जोडे काढले, दिवसभराच्या उन्हानं अजून चरचर तापलेल्या डांबरावर जाऊन उभा राहिला आणि हात जोडले. म्हणाला, "घे. तुही घोडी जळली ना उन्हात? मी बी जळतो. झालं समाधान?"

काय सांगावं, लोकांना भरून आलं. लेकीसाठी बाप डांबरावर उभा! एक म्हातारी पदरानं डोळे पुसू लागली. नवरदेवाचा बाप कमलीबाईला म्हणाला, बाई, आता पुरे करा. जानरावाचे तळवे खरंच पोळत होते, तो पाय बदलत होता, पण माइककडं बघत नव्हता. कमलीबाईनं ओळखलं. ह्या माणसाला पाय जाळणं सोपं होतं. पाय जळाले तर गावात मान वाढणार होता.

"पाय नको मले तुमचे," ती म्हणाली. "तोंड उघडा."

जानरावाचा संयम तुटला. जोडे हातात घेऊन तो सावलीत परत आला आणि लोकांकडं तोंड करून त्यानं शेवटचा दगड मारला. विचारा म्हणाला हिला, पाणी कोणी अडवलं होतं? बादली घेऊन ही आली तेव्हा हात कोणी धरला? मी की हिच्या नवऱ्यानं? साऱ्या गावानं पाहिलं आहे. घोडी मारली ह्यांनी आणि नाव माझं.

इतक्या वर्षांच्या शिव्यांमध्ये कमलीबाईनं ह्या एका गोष्टीसाठी शब्द घडवला नव्हता. गर्दीत कुजबुज उठली आणि जानरावाच्या मिशीत पुन्हा पीळ आला.

धरमसिंगानं फडकं बादलीत टाकलं. तो जवळ येऊन बायकोला हळूच म्हणाला, पारू किती वेळ झाला ओझं घेऊन उभी आहे, तुझ्या लक्षात तरी आहे का? तुझ्या सुडापायी हीपण उभीच. कमलीबाईनं चमकून घोडीच्या छातीला हात लावला. ओली होती. धरमसिंग तोवर डीजेच्या गाडीपाशी पोचला होता. तो आयुष्यात माइकमध्ये कधी बोलला नव्हता. त्यानं तो तोंडाला इतका चिकटवला की पहिला शब्द नुसता फुटला.

"मी धरमसिंग. मैनेले पाणी मी देऊ देलं नाई. मले माह्या बापानं चुकीचं शिकवलं होतं अन् मी मानलं. वाचली असती, माह्यानं मेली. हे माहं झालं." त्यानं माइक जानरावापुढं धरला. "तिले उन्हात कोणं उभी केली, ते आता तुमी सांगा, पाटील. रोगट होती का नव्हती, ते बी सांगा."

आता बोला! गरिबानं आपल्या वाटचं स्वतःच उचलून घेतलं, तर श्रीमंतानं लपायचं कुठं? सगळं गाव जानरावाकडं बघत होतं. ती डोळे पुसणारी म्हातारीसुद्धा. मांडवाच्या दारातून हरीओम चालत आला. त्या दिवशी मैनेच्या पाठीवर तोच होता. तो बापाला एवढंच म्हणाला की सांगून टाका बाबा, मलेही माहीत हाय.

जानरावानं माइक घेतला. आवाज इतका बारीक निघाला की डीजेवाल्यानं न सांगता बटण वाढवलं, देव त्याचं भलं करो. घोडी चांगली होती. रोग नव्हता. सावलीत न्यायला बाई दोनदा म्हणाली, मी लगाम सोडला नाही. मी मागून खोटं बोललो. भोंग्यांतून ते साऱ्या केनवडभर गेलं. पारावर, दुकानांवर, बसथांब्यावर उभ्या माणसांवर. मांडवात नवरीच्या वेशात बसलेल्या राखीनंही ते ऐकलं. कमलीबाई हे धरूनच चालली होती, आणि तिला त्याची लाज वाटली नाही.

मग तिनं लगाम उचलला. पारू कडेच्या कच्च्या मातीवरून, तिच्या चालीनं, मांडवापर्यंत गेली. डीजे वाजला नाही. नवरदेवाला हातोहात उतरवून घेतलं. जेवायला थांबा म्हणून कामरगावच्या पाहुण्यांनी आग्रह केला, तो तिनं ऐकलाच नाही.

दोघं पारूला घेऊन तांड्यावर आली. धरमसिंगानं खोगीर उतरवलं, पारूच्या पायांवर पाणी घातलं, पोटाखाली घातलं, मानेवर घातलं. कमलीबाई निंबाच्या बुडाशी बसून बघत होती. तिला वाटलं होतं, आज छाती हलकी होईल. जानरावाचं तोंड उघडलं, गावानं ऐकलं, मैनेचं नाव धुऊन निघालं. सूड झाला, अगदी मनासारखा झाला. पण राग होता तिथंच होता. जानराव मधून बाजूला झाला, तसा तिला तो कोणावर होता ते दिसलं.

"पाणी तुमी अडवलं," ती म्हणाली. हे वाक्य ती पहिल्यांदाच बोलत होती. "मले वाटलं, तुमच्या वाटचं बी त्याच्यावरच काढून मोकळी होईन. नाई होत. त्याले मी गावात उभं केलं. आता तुमाले कुठी उभं करू, सांगा."

धरमसिंगाचा हात पारूच्या मानेवर थांबला. त्यानं वळून पाहिलं नाही.

"नवीन कुठी उभं करतं," तो म्हणाला. "तुहा हात धरून उभा हावो ना तिथं. त्या दिवसापासून तिथंच हावो."

कमलीबाई उठली. तिनं लुगडं झटकलं.

"मग राहा उभे," ती म्हणाली, आणि चूल पेटवायला आत गेली.